कसे मेले आणि कशासाठी मेले

चाहता : 'गॉडझिला मायनस वन' पाहिलेल्या बहुतेकांच्या तोंडी एकच गोष्ट असते. राक्षसाच्या सिनेमात पहिल्यांदाच माणसांची काळजी वाटली, म्हणतात. एरवी या पठडीतल्या सिनेमांत माणसं असतात ती राक्षस येईपर्यंतचा वेळ काढायला. शास्त्रज्ञ नकाशासमोर उभा राहून काहीतरी समजावतो, सेनाधिकारी टेबलावर मूठ आपटतो आणि आपण मनात म्हणतो, आटपा आता. ताकाशी यामाझाकीने २०२३ मध्ये हे गणित उलटं केलं. दोन तासांच्या चित्रपटात गॉडझिला मोजकाच वेळ दिसतो, बाकीचा सगळा वेळ कोइची शिकिशिमा या वैमानिकाचा. आत्मघाती हल्ल्यावर धाडलेला हा पोरगा विमान बिघडल्याचा बहाणा करून ओदो बेटावर उतरतो. रात्री तिथे राक्षस येतो, विमानातली तोफ चालवायची वेळ याच्यावर येते आणि याचं बोट हलत नाही. तळावरचे जवळजवळ सगळे मेकॅनिक मरतात. युद्ध संपल्यावर तो बेचिराख तोक्योत परततो तर आईवडील गेलेले, घराचा पत्ता नाही आणि शेजारीण तोंडावर विचारते, तू जिवंत कसा परत आलास? शूर नसल्याची लाज बाळगणारा असा नायक या राक्षसासमोर उभा करायला धाडस लागतं.

शंकासुर : काळजी वाटली, मान्य. मलाही वाटली. पण त्या भरात भीती गेली, हे तुमच्यापैकी कुणी बोलत नाही. इशिरो होंडाचा १९५४ चा 'गोजिरा' आठव. त्या वर्षी १ मार्चला अमेरिकेने बिकिनी बेटांवर हायड्रोजन बाँबची चाचणी केली. 'दाइगो फुकुर्यू मारू' ही ट्यूना पकडणारी जपानी बोट जाहीर केलेल्या धोक्याच्या क्षेत्राबाहेर होती, तरी तिच्यावर किरणोत्सारी राख पडली. तेवीसच्या तेवीस जण आजारी पडले आणि त्यांचा रेडिओ ऑपरेटर सप्टेंबरात वारला. 'गोजिरा' लागला ३ नोव्हेंबरला. सुरुवातीलाच बोटीवर खलाशी निवांत बसलेले, समुद्रात डोळे दिपवणारा उजेड आणि बोट पेटते. हे कुठून आलं ते तिथल्या प्रेक्षकाला सांगावं लागलं नाही. त्या राक्षसाचं कुणाशी वैर नव्हतं. तोक्योतल्या एका इमारतीच्या पायथ्याशी एक बाई पोरांना पोटाशी धरून बसते आणि आता आपण बाबांकडे जाणार, अशी त्यांची समजूत घालते. तिचं नाव आपल्याला कळत नाही, ती कथेत पुन्हा येत नाही. भीती असते ती अशी. यामाझाकीचा गॉडझिला मात्र शिकिशिमाच्या पाचवीला पुजलेला. बेटावर तोच, शिकिशिमा काम करतो त्या सुरुंग काढणाऱ्या बोटीच्या मागे तोच, तोक्योतल्या गिंझातही नेमका त्याच्या घरात राहणारी नोरिको नोकरीला जाते तिथेच. अख्ख्या शहराचं संकट एका माणसाच्या मनाच्या दुखण्यावरचं औषध होऊन बसतं.

चाहता : तुझी ती बिननावाची बाई मोठी आहे, वाद नाही. पण समोरचा प्रेक्षकही तसाच होता. नऊ वर्षांपूर्वी तो स्वतः बाँबफेकीत जीव घेऊन पळाला होता. त्याच सिनेमात आगगाडीतली एक तरुणी नागासाकीतून आपण कशा वाचलो ते जाता जाता बोलून जाते आणि डब्यातलं कुणी दचकत नाही. त्या लोकांना खूण पुरायची. यामाझाकीचा जन्म १९६४ चा, त्याचा प्रेक्षक त्याहूनही तरुण. त्यांना चेहरा लागतो. आणि भीती गेली म्हणतोस, तर गिंझाचा प्रसंग परत लावून बघ. शेपटीकडून मानेकडे पाठीवरचे काटे निळे होत एकामागून एक खाडखाड बाहेर येतात. तो श्वास ओढून घेतो, काटे एकदम आत बसतात आणि किरण सुटतो. नोरिको शिकिशिमाला दोन इमारतींच्या फटीत ढकलते आणि स्फोटाच्या लाटेत स्वतः रस्त्यावरून नाहीशी होते. बाहेर रेटत गेलेला वारा दुसऱ्या क्षणी उलटा फिरून सगळं आत खेचतो. तो फटीतून बाहेर येतो तेव्हा आभाळात तो ओळखीचा ढग चढत असतो आणि याच्या तोंडावर काळा पाऊस पडतो. कुणी बाँबचं नाव काढत नाही, काढायची गरजही पडत नाही. पस्तीस कलाकारांच्या तुकडीने केलेल्या ६१० दृश्यांमधलं हे काम. दिग्दर्शक स्वतःच दृश्यपरिणामांचा प्रमुख, त्यामुळे मधली उतरंड कमी.

शंकासुर : कारागिरीबद्दल दुमत नाही, ऑस्कर उगीच मिळत नाही. पण हॉलिवूडपेक्षा कितीतरी कमी पैशांत केला म्हणून चित्रपट शहाणा ठरत नाही. तो काळा पाऊस बघून मीही सुन्न झालो होतो. आणि नंतर काय? शेवटी तार येते, शिकिशिमा इस्पितळाकडे धावत सुटतो आणि पट्ट्या बांधलेली नोरिको पलंगावर बसलेली! ज्या स्फोटाने गिंझा सपाट झाला त्यातून ही बाई वाचते, कारण ती नायकाची आहे. १९५४ मधल्या त्या बाईचं नशीब असं नव्हतं. त्यात भर म्हणजे प्रत्येक भावना मोठ्याने बोलून दाखवलेली. माणसं किंचाळून रडतात, गुडघ्यांवर कोसळतात, मनात काय चाललंय ते वाक्यावाक्यात सांगतात. शोकाचाही एक आब असतो, तो इथे सुटला.

चाहता : रडण्याबद्दल आपण तरी बोलू नये. नाटक बघताना पदराने डोळे पुसणाऱ्यांच्या घरात वाढलो आपण. मोठ्याने रडणं खोटं असतं हा नियम कुणी केला? राहता राहिली नोरिको. तिची मान बघितलीस का? मिठी मारताना कातडीवरून काहीतरी काळं वर सरकतं. कॅमेरा तिथे क्षणभर थांबतो आणि काही न सांगता पुढे जातो. बाँबमधून वाचलेल्यांच्या घरात कितीतरी वर्षं हेच होत राहिलं. माणूस परत आला, पण अंगात काय घेऊन आला ते कळेना. त्याच वेळी खोल पाण्यात राक्षसाचा मांसाचा गोळा पुन्हा वळवळायला लागलेला. तू ज्याला गोड शेवट म्हणतोस त्याला अशी टाचणी लावलेली आहे. पण हे सोड. चित्रपटाचा जीव गॉडझिलाविरुद्धची मोहीम आखणाऱ्या नोदाच्या भाषणात आहे. मोहिमेच्या आदल्या रात्री तो सगळ्यांना सांगतो, की या देशाने माणसाचा जीव फार स्वस्त केला. रणगाड्यांना पातळ पत्रा, रसदीचा पत्ता नाही, म्हणून लढण्याआधी उपासमारीने आणि रोगराईने माणसं गेली. लढाऊ विमानांत बाहेर फेकणारी खुर्चीसुद्धा बसवली नाही, आणि वर आत्मघाती हल्ले. या मोहिमेत आपण कुणालाही मरू द्यायचं नाही. घरच्यांसाठी माघारी जायचं त्याने जावं असं आधीच सांगितलेलं असतं. काही जण उठून जातात आणि त्यांना कुणी भेकड म्हणत नाही. आता सेरिझावा आठव. 'गोजिरा'मधला तो डोळ्यावर पट्टी बांधलेला शास्त्रज्ञ आपल्या शोधाचे कागद जाळतो आणि समुद्राच्या तळाशी स्वतःची प्राणवायूची नळी कापतो. तिथे राक्षस मारायला एक थोर माणूस मरावा लागला. एकोणसत्तर वर्षांनी यामाझाकी म्हणतो, ती थोरवीच आपल्याला नडली. गॉडझिलाला दिलेलं याहून कडक उत्तर मला माहीत नाही.

शंकासुर : आता तू खऱ्या मुद्द्यावर आलास. हे भाषण मला आवडतं आणि त्याचीच मला अडचण होते. नोदाच्या तक्रारी एकेक करून मोज. चिलखत पातळ होतं, अन्न पोचलं नाही, खुर्ची बसवली नाही. या सगळ्या माणसं कशी मेली याबद्दलच्या तक्रारी आहेत. कशासाठी मेली, हा प्रश्न त्या खोलीत बसलेल्या एकालाही पडत नाही. ही सगळी नौदलातून सुटलेली माणसं. ती कुठे कुठे गेली होती? चीनमध्ये, फिलिपीन्समध्ये, सिंगापूरमध्ये यांच्या सैन्याने काय केलं? सिंगापूरहून परतलेली 'ताकाओ' ही क्रूझर चित्रपटात दिमाखाने गॉडझिलाशी झुंजते आणि बुडते. ती सिंगापुरात काय करत होती, हे विचारायचं नाही. उद्या एखाद्या राज्यकर्त्याने रणगाड्याला जाड पत्रा लावला, विमानात खुर्ची बसवली आणि रसदीची चोख व्यवस्था ठेवून शेजारच्या देशावर चाल केली, तर नोदाच्या भाषणातलं कुठलं वाक्य त्याच्या आड येईल? एकही नाही. जिवाची किंमत शिकवणारा हा चित्रपट फक्त आपल्या जिवाची किंमत शिकवतो.

चाहता : मुद्दा बिनतोड आहे, पण पत्ता चुकला. हाच निकष लावायचा तर तुझा 'गोजिरा'ही नापास होतो. होंडा स्वतः चीनमध्ये सैनिक म्हणून वर्षानुवर्षं राहून आला होता. १९४६ मध्ये घरी परतताना त्याने हिरोशिमाचे अवशेष पाहिले. त्याच्या चित्रपटात हिरोशिमाची सावली आहे, चीन कुठे आहे? तिथेही जपान फक्त भोगतो. ज्या वर्षी 'गोजिरा' आला त्याच वर्षी १ जुलैला जपानची स्वसंरक्षण दलं उभी राहिली आणि पडद्यावर त्यांची जेट विमानं राक्षसाला समुद्रात पिटाळतात तेव्हा लोक आनंदाने ओरडतात. या जातीच्या कथेत राक्षस समुद्रातून येतो. म्हणजे आपण किनाऱ्यावर, म्हणजे आपण सोसणारे. ही मर्यादा यामाझाकीची नाही, त्या घाटाची आहे. आणि दुसरं, एका पडद्यावर किती हिशेब चुकते करायचे? पोटचं पोर गेलेल्या माणसाच्या दारात जाऊन आधी शेजाऱ्याच्या पोराचं बोल, असं आपण म्हणतो का?

शंकासुर : घाटाची मर्यादा म्हणू नकोस, कारण याच मालिकेने ती मोडलेली आहे. १९७१ चा 'गॉडझिला विरुद्ध हेदोरा' घे. तिथला राक्षस कारखान्यांच्या सांडपाण्यातून आणि धुरातून वाढतो. मिनामाताच्या पाऱ्याने आणि योक्काइचीच्या धुराने जपानी माणसं मरत होती तेव्हाचा चित्रपट तो. राक्षस आपणच पोसलाय, असं तो तोंडावर सांगतो. २०१६ चा 'शिन गोजिरा' घे. हिदेआकी आन्नो आणि शिंजी हिगुचीने फुकुशिमानंतर केलेला. तिथे राक्षसापेक्षा बैठका जास्त. एक समिती दुसऱ्या समितीची वाट बघते, मंत्र्याला उत्तर पुरवणारा कारकून धावत येतो आणि तोवर राक्षस पुढचं रूप घेऊन मोकळा. आणि माझा खरा पुरावा २००१ चा आहे. शुसुके कानेकोने केलेल्या चित्रपटात गॉडझिलाच्या डोळ्यांना बुबुळंच नाहीत. त्याच्या अंगात पॅसिफिक युद्धात मारल्या गेलेल्यांचे आत्मे शिरलेत. ते जपानवरच का उलटले, तर जपान त्यांचा आक्रोश विसरला म्हणून. आणि त्यांत फक्त जपानी मेलेले नाहीत. म्हणजे 'कशासाठी' हा प्रश्न रबरी पोशाखातल्या राक्षसाला विचारता येतो. 'मायनस वन'च्या बावीस वर्षं आधी तो विचारून झाला होता. यामाझाकीने तो विचारला नाही, हा त्याचा निर्णय आहे. आणि याच दिग्दर्शकाने २०१३ मध्ये 'द इटर्नल झीरो' केला होता. आत्मघाती वैमानिक इतका हळवा रंगवला म्हणून तेव्हा बरंच वादळ उठलं होतं.

चाहता : 'इटर्नल झीरो' तूच काढलास ते बरं झालं. त्यातला वैमानिकही जगायचं म्हणतो, बायकोला शब्द देतो आणि शेवटी विमान जहाजावर घालून मरतो. प्रेक्षक त्या मरणावर रडतो. दहा वर्षांनी त्याच दिग्दर्शकाने तसंच विमान, तशीच झेप आणि तसाच चेहरा घेतला आणि ऐन शेवटच्या क्षणी खुर्ची उडवली. ती खुर्ची कुणी बसवली बघ. ताचिबानाने. ओदो बेटावर ज्याची माणसं शिकिशिमाच्या भित्रेपणाने मेली, ज्याने त्या मेलेल्यांच्या घरच्यांचे फोटो त्याच्या हातात कोंबले, त्या मेकॅनिकने. या पोराने मरावं असं वाटायचा हक्क कुणाला असेल तर त्याला. तोच त्याला लीव्हर दाखवतो आणि जगून परत ये म्हणतो. यामाझाकी इथे स्वतःचाच जुना चित्रपट खोडतोय असं मला दिसतं. शिवाय सुरुंगाच्या बोटीवरचा तो कोवळा मिझुशिमा, ज्याला युद्धावर जायला न मिळाल्याची खंत आहे. त्याला बोटीचा कप्तान अकित्सू खडसावतो, की युद्ध पाहिलं नाहीस ही अभिमानाची गोष्ट आहे. हे लष्करी ढोल बडवणाऱ्या चित्रपटात चाललं असतं का?

शंकासुर : ढोल वाजत नाहीत, पण कवायत होतेच. शिकिशिमाला छळते ती लाज कसली? तोफ न चालवल्याची. औषध काय? तोफ चालवणं. न लढल्याचा डाग लढून धुतला जातो. जिवंत राहिला हे चांगलंच झालं, पण युद्ध हरल्याचा सल दुसरं, जास्त शहाणं, जास्त नेटकं युद्ध जिंकून काढला जातो. त्या युद्धात 'युकिकाझे' आणि 'हिबिकी' या खऱ्याखुऱ्या युद्धनौका उतरतात. साम्राज्याच्या नौदलाला अगदी स्वच्छ हातांनी पुन्हा एकदा समुद्रात जायला मिळतं. कारण समोर राक्षस आहे. त्याला बायकामुलं नाहीत, त्याचा देश नाही. असा शत्रू मिळाला तर कुठलंही सैन्य पवित्र दिसेल.

चाहता : ते सैन्य नाही, हे तू मुद्दाम विसरतोस. अमेरिका रशियाच्या भीतीने हात वर करते, जपानी सरकार गप्प बसतं, मग नोकऱ्या गेलेली ही माणसं आपणहून जमतात. हुकूम देणारा कुणी नाही. नौकांवर तोफासुद्धा नाहीत, त्या आधीच काढून घेतलेल्या. शस्त्र काय, तर फ्रेऑन वायूची नळकांडी आणि फुगे. राक्षसाला खोल दाबायचं आणि झटक्यात वर आणायचं, पाण्याच्या दाबाने मारायचं. शेवटी जोर कमी पडतो तेव्हा मिझुशिमा टगबोटींचा ताफा घेऊन येतो. या माणसांनी राज्याला वगळून एकमेकांवर विश्वास ठेवला, हा त्यातला विचार. तुला त्यात नौदल दिसतं, मला नौदलातून सुटलेली माणसं दिसतात.

शंकासुर : राज्याला वगळलं की राज्याची जबाबदारीही वगळली जाते, गंमत तिथेच आहे. सम्राटाचं नाव नाही. ताबा घेऊन बसलेली अमेरिका केवळ उल्लेखापुरती. १० मार्च २०२४ च्या रात्री एकाच सोहळ्यात या चित्रपटाला दृश्यपरिणामांचं ऑस्कर मिळालं आणि 'ओपेनहायमर'ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं. एकात बाँब करणारा दिसतो आणि हिरोशिमा दिसत नाही. दुसऱ्यात काळा पाऊस दिसतो आणि बाँब करणारा दिसत नाही. दोघांनी आपापलं दुःख कवटाळलं आणि दुसऱ्याला पडद्याबाहेर ठेवलं. दोन्हीकडचे प्रेक्षक डोळे पुसत बाहेर आले. मला त्या डोळे पुसण्याचीच धास्ती वाटते. ते खोटं असतं तर सोपं होतं. ते खरं आहे आणि तरीही अर्धंच आहे.

चाहता : अर्धं आहे, हे मी मान्य करतो. पण अर्ध्याचा क्रम बघ. ज्या समाजाला सांगितलं गेलं की तुझा जीव पिसासारखा हलका आहे, त्याला आधी स्वतःच्या जिवाचं वजन कळावं लागतं. स्वतःच्या पोराला आत्मघाती विमानात बसवणारा देश दुसऱ्याच्या पोराची गय कशी करणार होता? दोन्ही क्रूरपणा एकाच मुळातून आले. नोदा त्या मुळावर बोट ठेवतो. पुढची फांदी त्याने दाखवली नाही, पण मूळ बरोबर दाखवलं. आणि तुझा २००१ चा पुरावाही तपासून घे. त्यात मेलेल्यांचा आक्रोश आहे तो एका म्हाताऱ्याच्या तोंडच्या चार वाक्यांत. उरलेला वेळ तीन राक्षस गॉडझिलाशी कुस्ती खेळतात. ते सत्य सांगितलं गेलं, भोगायला लागलं नाही. शिकिशिमाची लाज मात्र आपण दोन तास अंगावर वागवतो. प्रश्न बरोबर आणि चेहरा नाही, यापेक्षा चेहरा आहे आणि प्रश्न अर्धा, हे मला जास्त उपयोगाचं वाटतं. चेहरा असला की कुणीतरी पुढचा प्रश्न विचारतं. आपण विचारतोय की!

शंकासुर : मूळ एकच असेल, हे मी नाकारत नाही. पण आपल्या मेलेल्यांसाठी मनापासून रडणाऱ्या समाजांनीच पुढची युद्धं जास्त जोमाने लढलेली आहेत. आपलं दुःख माणसाला मऊ करतं तसं धारही लावतं. कुठलं होईल, ते त्या दुःखात दुसऱ्याला जागा आहे की नाही यावर ठरतं. म्हणून शेवटच्या त्या सलामीवर माझं घोडं अडतं. राक्षसाचं डोकं फुटतं, शरीराचे तुकडे होत तो पाण्यात कोसळतो आणि नौकांवरचे सगळे त्याला सलाम ठोकतात. कुणाला? आपल्या मेलेल्या सोबत्यांना असेल तर माझा आक्षेप जसाच्या तसा उभा राहतो. त्या राक्षसात आपण मारलेली माणसंही आहेत हे ओळखून असेल, तर चित्रपट माझ्या पुढे गेला आणि मी मागे राहिलो.

चाहता : चित्रपट ते सांगत नाही, म्हणूनच ती सलामी इतके दिवस डोक्यातून जात नाही. समुद्र हेच त्या युद्धातल्या कितीतरी मेलेल्यांचं थडगं. त्यातून वर आलेल्याला आणि पुन्हा त्यातच जाणाऱ्याला त्यांनी हात वर केले. कोण आहे हे त्यांनाही नक्की ठाऊक नसेल. मला ती दिग्दर्शकाने ठेवलेली मोकळी जागा वाटते. तुझे मेलेलेही तिथे बसू शकतात.

शंकासुर : बसू शकतात आणि बसवले नाहीत तरी कुणाचं काही अडत नाही. सिंगापूरचा प्रेक्षक ती सलामी बघेल आणि ओसाकाचा प्रेक्षक बघेल, दोघांना ती जागा सारखीच मोकळी दिसली तर तू जिंकलास. एकाला मोकळी जागा आणि दुसऱ्याला पळवाट दिसली, तर मग या दोहोंतला फरक ठरवायचा कुणी? सलाम करणाऱ्याने, की ज्याच्यापर्यंत तो पोचलाच नाही त्याने?